श्रूजबरीला मैत्रिणीकडे राहायला जाताय? मग हे वाचून घ्या

इंग्लंडला कुणी जवळचं माणूस स्थायिक झालं की "या ना एकदा इकडे" हे दर फोनला होतं, आणि आपण खरोखर निघालो की काय करतो, तर लंडन, एडिंबरा, आलोच आहोत तर पॅरिस असं सगळं त्यात कोंबतो आणि ज्या माणसासाठी निघालो त्याच्या वाट्याला शेवटचा शनिवार-रविवार, तोही बॅगा भरण्यात. तसंच करायचं असेल तर टूर कंपनी बरी, जेवणाचीही सोय होते. खाली लिहिलंय ते ज्यांना मैत्रिणीच्या गावात आठवडाभर नुसतं राहायचंय, चालायचंय, गप्पा मारायच्यात त्यांच्यासाठी आहे, आणि गाव घेतलंय श्रूजबरी, कारण ते मला आवडतं आणि पुण्याच्या माणसाला निदान नाव तरी पाठ असतं, कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या श्रूजबरी बिस्किटांच्या कृपेने.

गाव कुठे आहे ते आधी. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीजवळ, श्रॉपशर परगण्यात. सेव्हर्न नदी जुन्या गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते, जमिनीचा एक चिंचोळा भाग तेवढा मोकळा राहतो आणि नेमका तिथेच नॉर्मन लोकांनी किल्ला बांधलाय, म्हणजे तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला किल्ला. सोळाव्या शतकात वेल्समधून येणाऱ्या लोकरीच्या कापडाचा व्यापार इथल्या व्यापाऱ्यांच्या हातात होता, त्या पैशातून त्यांनी काळ्या लाकडाच्या चौकटी आणि पांढऱ्या भिंतींची घरं बांधली आणि त्यातली बरीचशी अजून उभी आहेत, खाली मोबाईलचं दुकान आणि वर चारशे वर्षांचं लाकूड. गावात साडेसहाशेच्या वर संरक्षित इमारती आहेत. टेन्शन घेऊ नका, सगळ्या बघायच्या नाहीयेत.

पहिलं काम: तारीख, आणि ती मैत्रिणीला विचारून

आपण तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढतो आणि मग तिला कळवतो. उलटं करा. तिची रजा किती शिल्लक आहे, मुलांच्या शाळेला सुट्टी कधी आहे, घरात दुसरे पाहुणे आहेत का हे विचारा. तिकडे वर्षाची रजा मोजून मापून वापरतात, तुमच्यासाठी तिने सगळी काढावी अशी अपेक्षा ठेवू नका, दोन दिवस काढल्या तरी पुष्कळ. बाकीचे दिवस ती ऑफिसला आणि तुम्ही गावात, संध्याकाळी एकत्र, हे उलट जास्त छान होतं.

मे ते सप्टेंबर उत्तम. जूनमधे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे ती सहाला घरी आली तरी नदीकाठी फिरायला तीन तास मिळतात. डिसेंबरात चारलाच अंधार, आणि हिवाळ्यात सेव्हर्नला पूर येतो, वेल्श ब्रिजजवळचा फ्रँकवेल भाग पाण्याखाली जायची सवय गावाला आहे. ख्रिसमसचे दिवे बघायचे असतील तर जा जरूर, पण निवांतपणा हवा असेल तर उन्हाळाच.

व्हिसा

युकेचा व्हिसा वेगळा, शेंगेनवर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर) चालत नाही हे अजूनही काही जणांना माहिती नसतं. आपल्याला लागतो तो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा, एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. अर्ज ऑनलाईन, प्रवासाच्या फार तर ३ महिने आधी करता येतो, मग पुण्याला किंवा मुंबईला व्हीएफएसच्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो, त्यानंतर साधारण ३ आठवडे धरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट लवकर भरतात म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका.

मैत्रिणीकडून एक साधं पत्र घ्या, त्यात तुमचं नाव, नातं, कुठल्या तारखा, तिच्या घरी राहणार आहात आणि तिचा पत्ता. सोबत तिच्या पासपोर्टची प्रत, तिकडे राहण्याच्या परवानगीचा पुरावा आणि घराचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं (तिकडच्या घरपट्टीचं) बिल. पण लक्षात घ्या की तिचं पत्र कितीही प्रेमळ असलं तरी अधिकारी बघतो ते तुम्ही परत याल का हे. म्हणून नोकरीचं पत्र, मंजूर रजा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न्स. आणि अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून तरी चार लाख घेऊन खात्यात टाकायचे हा जो सल्ला सोसायटीत फिरत असतो तो ऐकू नका, अचानक आलेली रक्कम दिसतेच आणि तिचाच प्रश्न होतो.

ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा. इमर्जन्सीमधे तपासणीचे पैसे घेत नाहीत पण अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली तर पाहुण्यांना बिल येतं आणि ते पौंडात येतं.

लंडनला उतरू नका (जमलं तर)

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. श्रूजबरीला जवळचा मोठा विमानतळ बर्मिंगहॅम. मुंबईहून दुबईमार्गे बर्मिंगहॅमला जाता येतं, विमानतळावरून एक फुकटची छोटी ट्रेन दोन मिनिटांत बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्टेशनवर सोडते, आणि तिथून ट्रान्सपोर्ट फॉर वेल्सच्या थेट गाड्या श्रूजबरीला जातात, सव्वा-दीड तासाचा मामला. हीथ्रोला उतरलात तर आधी लंडन पार करून यूस्टनला या, तिथून बर्मिंगहॅम नाहीतर क्रू नाहीतर वुल्व्हरहॅम्प्टनला गाडी बदला, अडीच-तीन तास गाडीतच, आणि हे सगळं रात्रभर जागून आल्यावर दोन-दोन बॅगा घेऊन. तिकिटात पाच-सात हजार वाचतात म्हणून लोक हे करतात आणि पहिले दोन दिवस मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपून काढतात.

ट्रेनच्या तिकिटांचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. अ‍ॅडव्हान्स तिकीट स्वस्त पण त्याच गाडीचं, ती चुकली की गेलं. ऑफ-पीक म्हणजे गर्दीची वेळ सोडून कुठलीही गाडी. विमान लेट होऊ शकतं म्हणून येतानाच्या दिवशी अ‍ॅडव्हान्स काढू नका, जाताना काढा. दोघं मिळून जात असाल तर टू टुगेदर रेलकार्ड बघा, दोघांनी एकत्र प्रवास केला की एक तृतीयांश सूट मिळते, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. श्रूजबरी स्टेशनात उतरल्यावर बाहेर येऊन मागे वळून बघा, १८४८ ची इमारत आहे आणि दिसते एखाद्या जुन्या कॉलेजसारखी.

बॅग: काय न्यायचं आणि काय जप्त होईल

इथे बहुतेक जण गोंधळ घालतात. भारतातून युकेत दुधाचे पदार्थ आणि मांस न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंड, घरचं तूप, बोंबलाची नाही पण मटणाची कुठलीही गोष्ट, सगळं घरी ठेवा. बहुतेक ताजी फळं-भाजीसुद्धा सर्टिफिकेटशिवाय नाही, तिने कितीही गळ घातली तरी. आंबा आणि कढीपत्ता हे त्यातले अपवाद, पण निघण्याआधी युके सरकारची यादी बघून घ्या. बिस्किटं चालतात. भाकरवडी, चिवडा, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोकम हे कंपनीच्या सीलबंद पाकिटातून न्या, घरगुती डब्यातली पिवळी पूड कस्टमवाल्याला समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

हो, श्रूजबरी बिस्किटं श्रूजबरीला न्यायची की नाही? न्या की. तिकडचं जे मूळ आहे ते पातळ, कुरकुरीत, लिंबाची साल किंवा शहाजिऱ्याच्या जातीचं कॅरवे घातलेलं असतं, कधी मनुका. आपलं जाड, खुसखुशीत आणि लोण्याने भरलेलं. मैत्रिणीच्या शेजाऱ्यांना दोन्ही एकत्र बशीत ठेवून दिली की चहाला तासभर विषय पुरतो. माझं मत विचाराल तर आपलं सरस, पण मी पुण्याची आहे तेव्हा ते सोडून द्या.

बाकी, तिकडचा प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपला बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या. छत्रीपेक्षा टोपीवालं रेनकोट-जॅकेट, कारण पाऊस कमी आणि वारा जास्त असतो. जुने, मळलेले आरामाचे बूट. नवे बूट घालून दगडी रस्त्यांवर चालू नका.

तिच्या घरात

बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला भोक नसतं. हे वाक्य दोनदा वाचा. बादली-मग घेऊन अंघोळ केली तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून टपकतं, म्हणून टबात किंवा शॉवरच्या काचेच्या आतच, पडदा आत घालून. छतातून दोरी लोंबत असते ती दिव्याची किंवा शॉवरची, ओढायला घाबरू नका.

फोडणी देताना स्मोक अलार्म वाजतो आणि तो असा वाजतो की गल्ली जागी होते. एक्झॉस्ट फॅन आधी लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार बंद करा, मगच मोहरी. हीटिंगच्या बटणाला हात लावायच्या आधी विचारा, गॅस-विजेची बिलं तिकडे हा दुखरा विषय आहे, एक स्वेटर जास्त घाला. कचरा कुठल्या डब्यात काय ते पहिल्याच दिवशी समजून घ्या. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

आणि एक संध्याकाळ स्वयंपाक तुमचा. डाळी, बासमती, कोथिंबीर, आलं-लसूण सुपरमार्केटात मिळतं, साबुदाणा-पोहे वगैरे हवं असेल तर वुल्व्हरहॅम्प्टन-बर्मिंगहॅमकडच्या देशी दुकानांत जावं लागतं, म्हणून भाजणी बॅगेत असावी असं म्हटलं. गरम थालीपीठ आयतं पुढ्यात आलं की तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाचं काय होतं ते बघण्यासारखं असतं. नवरा इंग्रज असेल तर त्याला पण द्या, दह्याबरोबर, मिरची कमी.

गावात फिरायचं कसं

एका दिवसात सगळं बघून होतं. म्हणूनच एका दिवसात बघू नका. रोज एक तुकडा घ्या आणि उरलेल्या वेळात बसा.

पहिल्या दिवशी स्टेशनापासून वर चढत या. डाव्या हाताला लाल दगडाचा किल्ला, आता आत श्रॉपशरच्या सैनिकांचं म्युझियम आहे. समोरच्या बाजूला लायब्ररी, पुढे खुर्चीत बसलेला डार्विन. चार्ल्स डार्विन १८०९ मधे याच गावात जन्मला आणि ही लायब्ररीची इमारत तेव्हा श्रूजबरी स्कूल होती, त्यात तो शिकला, शाळेत त्याचा जीव काही रमला नाही. नदीपलीकडे सध्या जी शाळा दिसते ती १८८२ मधे तिथे हलली.

तिथून पुढे प्राइड हिल आणि स्क्वेअर. स्क्वेअरमधे १५९६ चा जुना मार्केट हॉल आहे, खाली कमानी आणि वर आता छोटं सिनेमागृह आणि कॅफे, पावसाने गाठलं तर इथेच घुसा. आणि त्याच चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. प्लासीवाला क्लाइव्ह. हा श्रॉपशरचाच, १७६१ पासून मरेपर्यंत इथला खासदार, १७६२ मधे महापौर. मराठी माणसाने इथे दोन मिनिटं थांबावं कारण प्लासीच्या आदल्या वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, हाच क्लाइव्ह अ‍ॅडमिरल वॉटसनबरोबर विजयदुर्गावर होता. तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्या मोहिमेत जळालं आणि किल्ला पडला, आणि त्यात नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, म्हणजे आपल्याच आरमाराचा काटा आपण त्यांच्याकडून काढून घेतला. शाळेत हे दोन ओळींत उरकतात. २०२० मधे पुतळा हलवा म्हणून सह्या गोळा झाल्या, कौन्सिलने ठेवायचं ठरवलं. मैत्रिणीचे इंग्रज मित्र याबद्दल विचारतील तर सांगा खुशाल, पण आंग्रे-पेशवे भांडण समजावताना जेवण थंड होईल ही तयारी ठेवा.

दुसऱ्या दिवशी बोळ. इथे बोळांना शट म्हणतात, दोन घरांमधून माणूस जेमतेम जाईल असे, आणि एका रस्त्यातून आत शिरून भलत्याच रस्त्यावर निघता येतं. नकाशा खिशात ठेवा, नदीचा वळसा असल्यामुळे हरवून हरवणार किती, उतार लागला की पाणी येणार. फिश स्ट्रीट, बेअर स्टेप्स, बुचर रो हे सगळं शंभर पावलांत आहे. मग वाइल कॉपचा उतार, छोटी छोटी दुकानं, या रस्त्यावरच्या एका घरात सातवा हेन्री १४८५ मधे राजा होण्याआधी लढाईला जाताना मुक्कामी होता असं सांगतात. खाली इंग्लिश ब्रिज आणि पलीकडे अ‍ॅबी, म्हणजे जुना मठ, १०८३ चा. तिथे एक गंमत चुकवू नका, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला एक दगडी नक्षीदार व्यासपीठ एकटंच उभं आहे, भिंती नाहीत काही नाही. ती मठाच्या भोजनगृहातली जागा, जेवताना भिक्षूंना तिथून वाचून दाखवत, एकोणिसाव्या शतकात टेलफर्ड या इंजिनियरचा रस्ता मठाच्या मधून गेला आणि हे तेवढं पलीकडे राहिलं.

क्वारी पार्कला मात्र दिवस नेमू नका, रोज जा. नदीकाठी लिंडेनच्या झाडांची रांग, मधे डिंगल नावाची खोलगट बाग, पूर्वी तिथे दगडाची खाण होती. पर्सी थ्रोअर हा इंग्लंडचा टीव्हीवरचा गाजलेला माळी इथल्या बागांचा प्रमुख होता, १९४६ ते १९७४, त्याचा अर्धपुतळा तिथे आहे. वर टेकाडावर सेंट चॅड्स हे गोल चर्च, १७९२ चं, डार्विनचं बारसं म्हणा हवं तर, तिथलं. पार्कातून पोर्टहिलचा झुलता पादचारी पूल ओलांडला की बोटहाऊस नावाचा पब, त्याच्या बागेत नदीसमोर बसता येतं.

पबचे नियम सोपे आहेत. वेटर येत नाही, बारपाशी जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे, बरेच ठिकाणी टेबलाचा नंबर विचारतात तो बघून जा. चारजण असाल तर एकेकाने सगळ्यांसाठी आणायची पद्धत, तुमची पाळी विसरू नका, दारू घेत नसलात तरी. शाकाहारी असाल तर रविवारच्या रोस्टमधे, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या तिकडच्या ठरलेल्या जेवणात, मांसाऐवजी नट रोस्ट विचारा, बटाटे मात्र कशात तळलेत हे पण विचारा, चरबीत असू शकतात. बोटीने फिरायचं असेल तर वेल्श ब्रिजजवळून सबरिना निघते, पाऊण तासात गावाभोवतीचा वळसा दाखवून आणते.

नवा मार्केट हॉल (स्क्वेअरमधला जुना नव्हे) शुक्रवार-शनिवारी गाठा, १९६५ ची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत बाहेरून अगदी सरकारी दिसते आणि आत वरच्या मजल्यावर खाण्याची चंगळ आहे. रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात, साधारण दहा ते चार, त्यामुळे शनिवारीच दूध-ब्रेड बघून ठेवा.

बाहेर जायचंच झालं तर

एखाददुसरंच निवडा. स्टेशनापासून उत्तरेला अर्ध्या तासाच्या आत चालत फ्लॅक्समिल आहे, १७९७ ची गिरणी, लोखंडी सांगाड्यावर बांधलेली जगातली पहिली इमारत, म्हणजे नरिमन पॉइंटच्या सगळ्या टॉवरांची पणजी. बाहेरून साधीच विटांची दिसते, आत खांब बघा.

डोंगर हवे असतील तर ट्रेनने चर्च स्ट्रेटन, पाव तासात. आयर्नब्रिजचा १७७९ चा लोखंडी पूल मैत्रिणीची गाडी असेल तर सोपा पडतो. पण मला विचाराल तर वेल्सच्या बाजूला ट्रेनने वेल्शपूल आणि तिथून चालत पॉविस कॅसल. क्लाइव्हच्या मुलाचं लग्न या घराण्यात झालं, त्यामुळे बाप-लेकांनी भारतातून नेलेल्या वस्तू तिथे आहेत, टिपू सुलतानाचा तंबूसुद्धा. काचेपलीकडे आपलंच सामान बघताना मजा येत नाही, हे आधीच सांगते, बागा मात्र सुंदर आहेत. बाहेर पडून केक-कॉफी घ्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

बसने फिरणार असाल तर कार्ड टॅप करून बसायचं, पण रविवारी बऱ्याच मार्गांवर बस नसतेच, आधी बघा.

निघायच्या दिवशी

परतीचं विमान शक्यतो रविवारचं घेऊ नका. रविवारी आणि बँक हॉलिडेला, म्हणजे तिकडच्या सार्वजनिक सुट्टीला, रुळांची कामं काढतात आणि ट्रेनऐवजी बस देतात, जी दर गावाला थांबत जाते. नॅशनल रेलच्या अ‍ॅपवर तुमची तारीख आठवडाभर आधी टाकून बघा, गाडीच्या जागी बसचं चित्र दिसलं तर दोन तास आधी निघा. बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीटला गाडी बदलावी लागलीच तर प्लॅटफॉर्मच्या नंबरापुढचं ए किंवा बी नीट बघा, एकाच प्लॅटफॉर्मच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गाड्या उभ्या असतात. मैत्रीण स्टेशनवर सोडायला येणारच, तिला सांगा आत येऊ नको, गेटमधून आत जायला तिकीट लागतं आणि बाहेरचं पार्किंग मिनिटांवर असतं.